पडद्यावरचे सर आणि परळची रात्रशाळा

वाया गेलेली म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेली पोरं, त्यांच्या वर्गावर नव्यानेच आलेले एक सर किंवा बाई, पहिल्या तासाला धुडगूस, मध्यंतराच्या आसपास एखादा जिव्हारी लागणारा अपमान आणि शेवटी निकालाच्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. या साच्याचे चित्रपट जगभर निघतात आणि चालतात. मलाही ते आवडतात. शिक्षकाच्या एका शब्दाने माणूस उभा राहतो हे खरंच आहे आणि ते पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं पाहिजे.

पण परळमध्ये राहून या चित्रपटांचा विचार करायला बसलं की एक गोष्ट छळत राहते. या एकाच वस्तीत दोन परंपरा शेजारीशेजारी वाढल्या. एक सिनेमाची: १९४२ साली वाडिया मूव्हिटोनच्या जागेत व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर उभं केलं आणि तिथून आदर्शवादी माणसांच्या कथा देशभर गेल्या. दुसरी शिकवण्याची: ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रीच्या शाळा आणि वाचनालयं चालवली, आणि १९२२ पासून तिचं दामोदर नाट्यगृह परळमध्ये उभं राहिलं. स्टुडिओ आणि रात्रशाळा यांच्यात चालत जाण्याइतकंच अंतर. तरीही या दोघांची पडद्यावर म्हणावी तशी गाठ पडली नाही. आपल्या चित्रपटांनी शिक्षक मोठा केला, मात्र गरिबाचं पोर शिकायला जी सोय लागते ती पाहिली नाही. शिकायला वेळ लागतो, बसायला जागा लागते, दिव्याला तेल लागतं, आणि फीचे पैसे कुणीतरी भरावे लागतात.

राजकमलपासून सुरुवात करू. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये (१९५७) शाळा नाही, फळा नाही. तरी शिक्षकाच्या चित्रपटांत मी तो पहिला धरतो. आदिनाथ हा तुरुंग अधिकारी सहा खुनी कैद्यांना घेऊन उजाड माळावर जातो आणि त्यांच्याकडून शेती करून घेतो. कथा गदिमांची, आणि तिच्या मागे औंध संस्थानातला खरा प्रयोग, आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, जिथे कैद्यांना खुल्या वसाहतीत ठेवून शेतीवर लावलं होतं. चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. बैलाबरोबरच्या प्रसंगाचं चित्रण करताना बापूंच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, हेही आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मला त्यात मोलाचं वाटतं ते वेगळं आहे. आदिनाथ प्रवचनं कमी देतो. तो माणसांना जमीन देतो, काम देतो, आणि पिकवलेला भाजीपाला बाजारात रास्त भावाने विकायला लावतो. म्हणजे सुधारणेला आर्थिक पाया आहे. पण शेवटी आदिनाथला मरावं लागतं. त्याच्या बलिदानावर गोष्ट संपते आणि प्रेक्षक त्या एका माणसाला हात जोडून घरी जातो.

दहा वर्षांनी आलेल्या ‘बूँद जो बन गई मोती’चा नायक मात्र सरळसरळ शाळामास्तर आहे. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या जितेंद्रला बापूंनी ही भूमिका दिली. हा मास्तर मुलांना चार भिंतींबाहेर काढतो, डोंगर आणि झाडं दाखवून शिकवतो. मुकेशच्या आवाजातलं निसर्गाचं ते गाणं अजून शाळांच्या स्नेहसंमेलनांत ऐकू येतं. आणि त्याच राजकमलच्या ‘पिंजरा’त (१९७२) डॉ. श्रीराम लागूंचा गुरुजी गावाचा आदर्श म्हणून उभा राहतो आणि तमाशातल्या बाईपायी कोसळतो. लोकांसाठी तो मेल्यावर पुतळा होतो, आणि जिवंत गुरुजीला स्वतःच्याच खुनाचा आरोपी व्हावं लागतं. आपल्या समाजाने मास्तरला देव्हाऱ्यात बसवल्याचे परिणाम इतक्या कडकपणे दुसऱ्या कुठल्या मराठी चित्रपटाने दाखवले असतील असं मला वाटत नाही. मात्र त्यात गावातली मुलं जवळजवळ दिसतच नाहीत. कथा गुरुजीच्या चारित्र्याची आहे, त्याच्या विद्यार्थ्यांची नाही.

आचार्य अत्रे यांचं प्रकरण निराळं. ते स्वतः पेशाने शिक्षक, पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक, मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ तयार करणारे. त्यांनी ‘श्यामची आई’ केला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान मराठीला मिळवून दिला. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, तिथल्या वसतिगृहातल्या मुलांची उठबस स्वतः करत होते. पण पडद्यावर अजरामर झाली ती त्यांची आई. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘महात्मा फुले’मध्ये बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई झाल्या, आणि गाडगेबाबांचं कीर्तन त्यात आहे. शिकवणं हा समाजाशी भांडण्याचा मार्ग आहे, शाळा काढली की घर सोडावं लागतं, एवढं तरी त्या चित्रपटाने स्पष्ट सांगितलं. त्यालाही राष्ट्रपतींचं पदक मिळालं. आज तो फारसा कुठे दाखवला जात नाही, याचं वाईट वाटतं.

याच काळातल्या हिंदी ‘जागृती’बद्दल (१९५४) एक तक्रार नोंदवतो. त्यातले शेखर मास्तर प्रेमळ आहेत, देश दाखवायला मुलांना आगगाडीतून नेतात, ते सगळं ठीक. पण त्यात पायाने अधू असलेला गरीब शक्ती मरतो आणि त्याच्या मरणाने श्रीमंत घरचा अजय सुधारतो. गरीब मुलाच्या वाट्याला दुसऱ्याच्या सुधारणेचं निमित्त होणं येतं. ही खोड हिंदी चित्रपटांतून अजून पुरती गेलेली नाही.

आता ‘दहावी फ’. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००२ चा हा चित्रपट मी या सगळ्या विषयात सर्वांत वर ठेवतो. मराठी शाळेत ‘अ’ तुकडी आणि शेवटची तुकडी म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको. गुणांवर तुकड्या पाडल्या जातात, आणि पाचवी-सहावीत एकदा खालच्या तुकडीत गेलेलं पोर दहावीपर्यंत तिथेच राहतं. ‘फ’मध्ये असतात ती पोरं वस्तीतली, कुणी घरकाम करणाऱ्या बाईचा, कुणी हमालाचा. ‘अ’च्या मुलांशी भांडण होतं, संतापाच्या भरात ही पोरं शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. अतुल कुलकर्णींचे देशमुख सर त्यांना भाषण देऊन मोकळे होत नाहीत. ते विचारतात, मोडलंत ना, मग भरून द्याल का? आणि मग पोरं लहानमोठी कामं करून पैसे उभे करायला लागतात.

हा एक प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. ज्या पोरांना गणित येत नाही असं शाळेने ठरवलं तीच पोरं पैशाचा हिशेब चोख करतात. कोणाला किती मिळाले, किती कमी पडले, कोण चुकला, सगळं. वर्गात निरुपयोगी ठरलेलं त्यांचं शहाणपण रस्त्यावर रोज वापरात असतं. सर हे शहाणपण आधी ओळखतात आणि पुस्तकाकडे नंतर येतात. शिवाय मुलांच्या घरची माणसं, इतर शिक्षक, शाळेची प्रतिष्ठा जपणारे लोक, या सगळ्यांना कथेत जागा आहे. देशमुख सर एकटे पुरे पडणार नाहीत हे चित्रपटाला माहीत आहे, आणि मुलांनी स्वतः केलेल्या कष्टाला तो सरांच्या चांगुलपणाएवढंच वजन देतो. त्यात थोडं बोधप्रद बोलणं आहे, काही प्रसंग जरा जास्तच सुरळीत होतात. तरीही शाळेतल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा चित्रपट दरवर्षी दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

सोळा वर्षांनी राणी मुखर्जीचा ‘हिचकी’ आला. योगायोग असा की तिथेही ‘एफ’च तुकडी, इयत्ता फक्त नववी. वस्तीतली शाळा गेल्यामुळे या बड्या शाळेला ही मुलं घ्यावी लागलेली असतात, हा धागा जबरदस्त होता. चित्रपट मात्र लवकरच बाईंच्या स्वतःच्या आजाराकडे आणि जिद्दीकडे वळतो. ‘सुपर ३०’ला प्रवेश परीक्षेचा निकाल एवढाच मुक्काम दिसतो. ‘तारे जमीं पर’ने शिक्षकांची आणि पालकांची नजर खरोखर बदलली, त्याचे उपकार मोठे आहेत, पण त्यातलं मूल खात्यापित्या घरचं आहे.

नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) मला पुन्हा आशा दिसली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यावर हा चित्रपट आहे. कॉलेजचं मैदान आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि कॅमेरा ती वारंवार दाखवतो. मुलांना परदेशी खेळायला जायचं म्हटल्यावर खरी लढाई सुरू होते ती कागदपत्रांची. तुम्ही कोण, हे सिद्ध करणारा कागद घरात नसतो. पासपोर्टसाठी ओळखपत्र मिळवताना एका मुलीची आणि तिच्या बापाची जी दमछाक होते, ती मला त्यातल्या सामन्यापेक्षा जास्त थरारक वाटली. गरिबाच्या शिक्षणात अर्धी शक्ती दाखल्यांत खर्च होते, हे आपल्याकडच्या प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे. पडद्यावर ते इतक्या ठसठशीत रूपात आलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

परदेशी चित्रपटांकडेही एक नजर टाकायला हवी, कारण हा साचा बराचसा तिकडून आला. सिडनी पॉइटिएचा ‘टू सर, विथ लव्ह’ (१९६७) लंडनच्या कामगार वस्तीत घडतो, आणि त्यात शिक्षकच काळा असल्यामुळे तिरस्कार त्याच्याच वाट्याला येतो. ‘स्टँड अँड डिलिव्हर’ (१९८८) हा हाइमे एस्कलान्टे या बोलिव्हियातून अमेरिकेत आलेल्या गणित शिक्षकाचा. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या गारफील्ड हायस्कूलमध्ये त्याच्या १८ विद्यार्थ्यांनी १९८२ साली कॅल्क्युलसची अवघड परीक्षा दिली आणि ते सगळे पास झाले. उत्तरांतल्या सारख्याच चुका पाहून परीक्षा मंडळाने कॉपीचा संशय घेतला. त्यांतल्या १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा पास झाले. हे सगळं खरं. पण पडद्यावर जे झटपट घडतं त्याला प्रत्यक्षात आठ वर्षं लागली होती. एस्कलान्टे त्या शाळेत १९७४ साली आला. आधी खालच्या वर्गांचं गणित पक्कं करावं लागलं, सुट्टीतले वर्ग लागले, पाठीशी उभा राहणारा मुख्याध्यापक लागला. चित्रपटाने ती आठ वर्षं गाळली, आणि पाहणाऱ्याला वाटलं की योग्य माणूस मिळाला की वर्षभरात काम होतं. मग आपल्या शाळेत तसं झालं नाही की आपण शिक्षकाला दोष देऊन मोकळे.

म्हणूनच मला परळच्या खऱ्या गोष्टींकडे यावंसं वाटतं.

सुभेदार रामजी आंबेडकर मुंबईत आले तेव्हा हे कुटुंब लोअर परळच्या डबक चाळीत राहत होतं. एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच निजायची जागा, तीच अभ्यासिका. धनंजय कीरांनी चरित्रात वर्णन केलं आहे: रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे होत, आणि भीमराव काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यापाशी वाचायला बसे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये एकदा त्याला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तेव्हा वर्गातली मुलं धावली ती फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळू नयेत म्हणून उचलायला. तिथे संस्कृतही त्याला घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली.

त्याच्यापर्यंत पोचला तो शिक्षक त्याच्या शाळेतला नव्हता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर विल्सन हायस्कूलमध्ये शिकवत. चर्नी रोडच्या बागेत रोज पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा त्यांना दिसला, त्यांनी चौकशी केली, पुस्तकं देऊ लागले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर समाजसुधारक सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा हेच केळुसकर त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. या घटनेत शिक्षकाचं प्रेम आहे, जागणारा बाप आहे, आणि २५ रुपये आहेत. यांतलं एक काढलं तरी गोष्ट अडते. पटकथा लिहिणाऱ्याला याहून अधिक काय हवं? तरी केळुसकर गुरुजी पडद्यावर अजून हवे तसे उभे राहिलेले नाहीत.

पुढे याच परळमध्ये, पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत, बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. दामोदर हॉलमध्येच १९२४ च्या मार्चमध्ये सभा झाली आणि तिच्यातून त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. सभेने पहिल्या कामांत काय घेतलं? वसतिगृह, वाचनालय, अभ्यास मंडळ. ज्याने एका खोलीत रात्री दोनला उठून अभ्यास केला त्याला मुलांची पहिली गरज काय हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

आणि कवी नारायण सुर्वे. आईबापांचा पत्ता नसलेलं पोर, गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार जोडप्याने उचलून वाढवलेलं, परळच्या बोगद्याच्या चाळीत. चौथीनंतर शिक्षण सुटलं, हॉटेलात, गिरणीत कामं केली. मग पालिकेच्या शाळेत शिपाई झाले, शिपाईगिरी करता करता सातवीची परीक्षा दिली, आणि १९६१ पासून मास्तर. घंटा देणारा माणूस त्याच व्यवस्थेत खडू घेऊन उभा राहिला. अरुण खोपकरांनी त्यांच्यावर केलेला ‘नारायण गंगाराम सुर्वे’ हा माहितीपट राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला. सुर्व्यांच्या एका कवितेत एक वेश्या आपल्या पोराला शाळेत घालायला येते, आणि बापाचं नाव काय लिहू असं मास्तरांनी विचारल्यावर जे उत्तर देते ते मराठी वाचक विसरलेला नाही. मास्तर या शब्दावर एवढा मोठा विश्वास क्वचितच कुणी टाकला असेल. दाखल्याचा अर्ज भरताना होणारी ती घुसमट सुर्व्यांनी आतून पाहिली होती.

गिरणगावावरच्या चित्रपटांत मात्र शाळा गायबच आहे. जयंत पवारांच्या ‘अधांतर’वरून महेश मांजरेकरांनी २०१० साली ‘लालबाग परळ’ केला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि घरांची वाताहत झाली. ती या चित्रपटात रक्तबंबाळ होऊन दिसते. संपाने बापाचा पगार गेला तसं मुलाचं दप्तरही गेलं. कोण नववीतून सुटला, कोण कुठल्या टोळीत गेला, याचे हिशेब चाळीचाळीत होते. त्या पोरांपर्यंत पोचू पाहणारा मास्तर त्या काळात इथे असणारच, कारण शाळा चालू होत्या. त्याची कथा कुणी लिहिली नाही. लालबागचं ‘भारतमाता’ थिएटर अजून मराठी चित्रपट लावतं. त्याच्या पडद्यावर ती कथा दिसायला हवी होती.

आजच्या रात्रशाळेचा वर्ग कसा असतो हे पाहा. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला दिवसाच्या शाळेची इमारत रिकामी झालेली असते. बाकं लहान मुलांच्या मापाची, त्यांत वीस-बावीस वर्षांचा जवान गडी गुडघे आडवे करून बसलेला. कुणी कॅन्टीनमधून थेट आलेला, हाताला अजून कांद्याचा वास. कुणी कुरिअर वाटून आलेला, कुणी चाळिशीची बाई, मुलीच्या दहावीबरोबर स्वतःची दहावी करणारी. पहिल्या तासाला वर्ग निम्मा, कारण मालकाने सोडलेलं नसतं. प्रयोगशाळा असली तरी तिची किल्ली पुष्कळदा दिवसाच्या शाळेकडे. शिकवणारे सर अनेक वर्षं असे असत की दिवसभर एका शाळेत नोकरी आणि रात्री इथे. २०१७ साली शासनाने ही दुबार नोकरीची पद्धत बंद करण्याचा निर्णय घेतला, त्यावर मोठा वाद झाला, आणि त्या ओढाताणीत हाल झाले ते मुलांचे. ‘मासूम’सारखी संस्था २००८ पासून मुंबईतल्या रात्रशाळांना खाऊ, पुस्तकं आणि प्रयोगांचं साहित्य पुरवते आहे. खाऊ ही किरकोळ बाब वाटेल, पण दिवसभर राबून उपाशी पोटी आलेल्या पोराला बीजगणित समजत नाही.

माझ्या मते या विषयावरचा मोठा मराठी चित्रपट अजून व्हायचा आहे आणि तो रात्रशाळेतच होईल. त्यात सर असावेत, पण त्यांच्या पायाला दिवसभर उभं राहून आलेली सूज दिसावी. दहावीत वर्गातले सगळे पास होऊ नयेत. कुणी दुसऱ्या खेपेला, कुणी तिसऱ्या खेपेला व्हावा. मुलाला साडेपाचला सोडायचं की नाही हे ठरवणारा मालकही त्यात ठळक असावा, कारण त्या मुलाच्या शिक्षणात त्याचा हात सरांइतकाच आहे. दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं, गिरण्यांच्या जागी टॉवर आले, आणि त्या टॉवरांच्या तळघरातल्या उपाहारगृहांत, पार्किंगमध्ये, लिफ्टपाशी काम करणारी पोरं दहावी न झालेली आहेत. लेखक-दिग्दर्शकांना दूर जायची गरज नाही.

चित्रपट निघेल तेव्हा निघेल. तोवर वाचकांपैकी ज्यांचं दुकान, खाणावळ, कारखाना किंवा कचेरी आहे, त्यांना विनंती आहे: तुमच्याकडे काम करणारा मुलगा किंवा मुलगी रात्रशाळेत जाऊ इच्छित असेल तर त्यांना संध्याकाळी सहाच्या आत सोडा, त्यांचा पगार कापू नका, आणि बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत भरपगारी रजा द्या.